छाट न काढता ऐकणारं कुणी

मा. जिल्हाधिकारी, सोलापूर यांस खुले पत्र



विडी वळणारी बाई कामाला बसते तेव्हा तिच्या मांडीवर सूप असतं. सुपात भिजवून मऊ केलेला तेंदूपत्ता, कात्री, मापाचा पत्रा, एका कडेला तंबाखूचा जर्दा आणि दोऱ्याचं रीळ. पत्रा ठेवून पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, बोटांत वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. पुन्हा पान, पुन्हा जर्दा. हजाराचा हिशोब पुरा झाला की माल घेऊन कारखान्यात जायचं. तिथे तपासणारा विड्या उचलतो, निरखतो आणि पसंत नसतील त्या बाजूला टाकतो. या टाकलेल्या मालाला ‘छाट’ म्हणतात. छाट निघालेल्या विडीची मजुरी नाही. वळताना गेलेला वेळही कुणी परत देत नाही.

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक कल्पना शिकवतात. लहानपणापासून माणसाला माया मिळते ती बहुतेक वेळा अटींवर: शहाण्यासारखा वागलास तर माझा, नाहीतर नाही. हळूहळू त्या अटी माणसाच्या आत जाऊन बसतात आणि तो स्वतःच स्वतःची तपासणी करायला लागतो. मनातलं अर्धंअधिक तो पसंत नाही म्हणून आपल्याच हातानं बाजूला टाकतो. पुस्तकांत याला भारदस्त संस्कृतप्रचुर शब्द आहेत. सोलापुरात ‘छाट’ म्हटलं की पुरे.

हे पत्र आपल्याला लिहायचं कारण कुंभारीत आहे. त्याकडे यायला थोडा वळसा पडेल, तेवढा सोसावा.

रॉजर्सचा जन्म १९०२चा. १९२८पासून बारा-एक वर्षं ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात वांड, बिघडलेल्या म्हणून आणलेल्या मुलांसाठीच्या केंद्रात काम करत होते. तिथला एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. एका खोडकर मुलाची आई त्यांच्याकडे यायची. आईनं लहानपणी मुलाला नाकारलं, हे दुखण्याचं मूळ, असं त्यांचं निदान पक्कं झालं होतं. ते तिच्या गळी उतरवायचा प्रयत्न त्यांनी बऱ्याच बैठकांत केला. बाई समंजस होती, पण गाडी पुढे सरकेना. शेवटी त्यांनी हार मानली, आपण दोघांनी प्रयत्न केला, आता थांबू या असं सुचवलं. तिनंही मान डोलावली. हस्तांदोलन झालं, बाई दारापर्यंत गेली. तिथून वळून तिनं विचारलं, इथे मोठ्या माणसांनाही बघता का? ते हो म्हणताच ती परत येऊन खुर्चीत बसली आणि नवऱ्याशी बिनसलेल्या संसाराची कहाणी सांगू लागली. आधी नीटनेटकी सांगितलेली ‘केस’ आणि ही गोष्ट यांचा एकमेकींशी काही मेळ नव्हता. पुढे मुलगाही सुधारला.

दुखतंय कुठे हे ज्याचं त्याला ठाऊक असतं, तज्ज्ञानं आपलं निदान जरा गप्प बसवावं, हा धडा रॉजर्सनी त्या दारातून उचलला. १९५१मध्ये त्यांनी ‘रुग्ण’ हा शब्द टाळून उपचारपद्धतीवर ग्रंथ लिहिला. समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि ऐकणाऱ्यानं मुखवटा न घालणं ही त्यांची त्रिसूत्री १९५७च्या लेखात आली. फ्रॉइडचे अनुयायी माणूस भूतकाळात शोधत होते आणि वर्तनवादी उंदराच्या पिंजऱ्यात. या दोघांहून वेगळा म्हणून हा तिसरा प्रवाह, मानवतावादी मानसशास्त्र.

रॉजर्सना बालपणीची एक गोष्ट आठवत असे. हिवाळ्याची बेगमी म्हणून घराच्या तळघरात बटाटे साठवलेले असत. तळघराला उंचावर एक लहानशी खिडकी. त्या अंधारात बटाट्यांना फिकट, पांढुरके कोंब फुटत आणि दोन-तीन फूट वाढून उजेडाच्या दिशेनं सरकत. त्या कोंबांचं झाड कधी होणार नसे, तरी वाढ थांबत नसे. मनोरुग्णालयांत आयुष्याचा चुराडा झालेली माणसं पाहताना त्यांना ते कोंब आठवत. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचे ढीग पाहिलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटेल. आपल्याकडे कोंब फुटला की भाव पडतो, माल छाटीत जातो. हा गृहस्थ त्यालाच जिवंतपणाची खूण म्हणत होता.

आता सोलापूर.

माणसाकडे अगदी उलट्या नजरेनं पाहिलं तर काय होतं, याचा प्रयोग या शहरात झालेला आहे. १८७१च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९११च्या कायद्यानं ही तरतूद मुंबई इलाख्यातही लागू झाली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट वसली. आतल्या माणसांची हजेरी घेतली जाई, बाहेर जायला परवाना लागे. शहरातल्या कापड गिरण्यांना मजूर मिळाले, सरकारला बंदोबस्त मिळाला. पाळण्यातल्या पोराच्या कपाळावरही शिक्का होता, कारण त्याची जात त्या यादीत होती. रॉजर्सच्या भाषेत सांगायचं तर इथे मायेवर अट नव्हती, माया वगळून नुसती अटच होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. सेटलमेंटचं कुंपण तोडायला पंडित नेहरू सोलापूरला आले होते, ही आठवण वस्तीतल्या जुन्या घरांतून अजून अभिमानानं सांगितली जाते. ‘विमुक्त’ हा शब्द आला आणि सरकारी कागदांत रुळला. पण शहराच्या नकाशावर अजून ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आहे, नंबरासह. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक सहज ‘फ्री कॉलनी’ म्हणून जातात. ‘फ्री’ हा शब्द मुद्दाम लावावा लागला याचा अर्थ काय, हे विचारायला रिक्षात वेळ नसतो.

सोलापूरपासून दूर नाही, अशा आटपाडीजवळ याच्या बरोबर उलटा प्रयोग झाला. औंध संस्थानच्या या भागात राजानं आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसानं १९३९च्या सुमारास कैद्यांची मोकळी वसाहत उभी केली, तिचं नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, कुलूप नाही. शेती करायची, कुटुंबाला सोबत आणायचं. याच वसाहतीवरून पुढे ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, १९५७ साली. सिनेमा सगळ्यांना आठवतो. स्वतंत्रपूर आटपाडीत आहे हे सांगितलं तर सोलापूरकरही अर्धवट विश्वास ठेवतात. एकाच काळात, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात, एकीकडे चोरी न केलेल्यांभोवती कुंपण आणि दुसरीकडे शिक्षा झालेल्यांभोवती कुंपणच नाही. रॉजर्सचा ग्रंथ तेव्हा लिहिलाही गेला नव्हता. म्हणून हे मानसशास्त्र अमेरिकेतून आयात केलेली चैन आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला आटपाडीच्या एस.टी.त बसवावं.

कुंभारीचं कारण आता सांगायला हरकत नाही.

अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावात २००६ साली विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. ज्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच गोदूताई. (मानवतावादी मानसशास्त्रावरच्या एखाद्या ग्रंथाला शोभेल असं ते नाव आहे, पण पुस्तक वारल्यांच्या लढ्याचं.) मग त्याच परिसरात रे नगर उभं राहिलं. योजना तीस हजार घरांची. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. विडीवाल्या, यंत्रमागावरचे कामगार, शिलाई करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, रिक्षाचालक असे असंघटित कामगार तिथे राहायला आले. या सगळ्यामागे कामगार नेते आडम मास्तरांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे आहेत.

कॉलेजात मानसशास्त्र घेतलेल्या कुठल्याही मुलाला रे नगर दाखवलं तर तो अब्राहम मॅस्लोचा त्रिकोण काढून दाखवील. सगळ्यात खाली अन्नपाणी, वर सुरक्षितता, मग जवळीक, मग मान, आणि शेंड्याला आपल्यात जे आहे ते फुलवणं. घर मिळालं म्हणजे दुसरी पायरी झाली. आता पाणी, गटार, बस, शाळा यांची सोय होऊ द्या, मन बिन नंतर बघू. प्रशासनातल्या चांगल्या माणसांनाही हा हिशोब पटतो, कारण तो फायलीत बसतो.

पण हा त्रिकोण मॅस्लोनं काढलेला नाही. १९४३च्या त्यांच्या लेखात गरजांची उतरंड आहे, आकृती नाही. ती पुढे व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी काढली. शिवाय हा क्रम घट्ट नाही, माणसागणिक उलटसुलट होतो, असं मॅस्लो त्याच लेखात सांगतात. पुरावा सोलापुरातच आहे. भाड्याच्या खोलीत, गळक्या पत्र्याखाली राहणाऱ्या बायका घरासाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांची दुसरी पायरी रिकामी होती. चौथीवर मात्र त्या ताठ उभ्या होत्या. आधी मान जागा झाला आणि मानानं घर आणलं. ज्यांनी त्रिकोण उलटा चढून दाखवला, त्यांना आता ‘आधी गटार, मग मन’ असं सांगणं जरा अवघड आहे.

नव्या वसाहतीत घर मोठं मिळतं आणि शेजार तुटतो. जुन्या गल्लीत सूप घेऊन ओट्यावर बसलं की बाजूला चौघी असायच्या. हात वळत असायचे, तोंड चालू असायचं, आणि कुणाच्या घरात काय जळतंय हे न विचारता कळायचं. नव्या घराला दार आहे. दार लागतं. त्याच्या आत दारू येते, सावकार येतो, पोरीच्या लग्नाचं ओझं येतं. दवाखान्यात गेलेली बाई हे सांगत नाही. अंग दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, एवढंच सांगते. गोळ्या घेते, परत येते. सांगण्यासारखं बाकीचं तिनं आधीच छाटून ठेवलेलं असतं, त्या रॉचेस्टरच्या बाईसारखं. फरक एवढाच, की हिला दारातून वळून विचारायला वेळ नसतो, कारण मागे रांग असते.

यावर सरकारचं उत्तर तयार आहे, आणि ते वाईट नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८नं प्रत्येकाला अशा सेवेचा हक्क दिला. १० ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो. पण ज्या घरात फोन एक आणि खोल्या मोजक्या, तिथे नवऱ्याच्या कानाआड त्या क्रमांकावर बोलायचं कधी? शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरात बाजार मराठीत होतो, रडणं तेलुगूत. अक्कलकोटकडची बाई दुःख कन्नडमध्ये सांगते. कुणाची घरची बोली दखनी. आणि सोलापुरी ‘काय बे’मध्ये माया किती, दम किती, हे बाहेरच्या समुपदेशकाला सहा महिने कळत नाही.

१० ऑक्टोबर ही जागतिक मानसिक आरोग्य दिनाची तारीख. सोलापूरच्या दृष्टीनं तिला आणखी एक महत्त्व आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस इथेच जन्मले. १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी भाषा शिकले, ती बोलू लागले. चाकू-सुरी चालवायला भाषा लागत नाही. पण खाटेवरचा माणूस काय पुटपुटतोय हे कळायला लागते, एवढं त्यांना पटलं असावं. ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. या शहरात त्यांचं स्मारक आहे, जयंतीला हार घातला जातो. त्याच तारखेला मानसिक आरोग्याच्या पोस्टरांवरही हार पडतात. दोन्ही कार्यक्रम एकमेकांना ओळखत नाहीत.

तर मागणी अशी. रे नगरात आणि गोदूताई वसाहतीत एक खोली द्यावी. नवी इमारत नको. असलेल्या आरोग्य केंद्राची, अंगणवाडीशेजारची, समाजमंदिराची कसलीही चालेल, फक्त दार लागणारं असावं. तिथे बसायला बाहेरून पदवीधर नेमण्याआधी वस्तीतल्याच तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणाऱ्या बायका निवडाव्यात आणि त्यांना ऐकायचं कसं हे शिकवावं. मानधन द्यावं, फुकट सेवाभावाच्या नावावर त्यांना राबवू नये.

हे होण्याजोगं आहे का, तर नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात झालं आहे. पुण्याच्या एका संस्थेनं तिथे ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प चालवला. गावातल्याच माणसांना मन लावून ऐकायला, समोरच्याचा ताण ओळखायला आणि गरज पडली तर डॉक्टरकडे किंवा सरकारी योजनेकडे वाट दाखवायला शिकवलं. तिथला अनुभव पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नेला गेला. पेठच्या डोंगरात जे जमलं ते अक्कलकोट रस्त्यावर का जमू नये?

आक्षेप येतील, आणि त्यातले काही रास्त असतील. सगळ्यात मोठा आक्षेप खुद्द रॉजर्सच्या कामातूनच येतो. विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर ही पद्धत वापरून पाहिली आणि निकाल आशेइतके आले नाहीत. ते त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६७मध्ये छापले. ऐकून घेतल्यानं सगळं बरं होत नाही. भास होणारा, स्वतःला इजा करू पाहणारा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवा, आणि तिथवर वेळेवर पोचवणं हे त्या खोलीचं पहिलं काम ठरवावं. तज्ज्ञानं आठवड्यातून एकदा या बायकांबरोबर बसावं, त्यांचंही ऐकावं. नाहीतर दुसऱ्यांची दुःखं घेऊन त्या स्वतःच आडव्या होतील.

दुसरा धोका प्रशिक्षणाचा. १९६६मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेत एलायझा नावाचा संगणकीय कार्यक्रम बनवला. तो रॉजर्सची नक्कल करायचा: तुम्ही जे टंकाल तेच प्रश्न करून परत द्यायचा. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीनंच त्याच्याशी बोलायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. स्वतः वायझेनबॉम यांना याचा धक्का बसला. ही गोष्ट एवढ्यासाठी, की ‘हं’, ‘मग?’, ‘तुम्हाला वाईट वाटलं का’ एवढं पाठ करून घेणारं दोन दिवसांचं शिबिर आणि प्रमाणपत्र, असं याचं होऊ नये. विडी वळायला कुणी दोन दिवसांत शिकत नाही.

तिसरी गोष्ट नोंदवहीची. सरकारी खोलीत नोंदवही येणार, त्यात नाव, वय, पत्ता, जात, तक्रार असे रकाने येणार. आकडा ठेवायला हरकत नाही. नावं ठेवू नयेत. हजेरीच्या वहीतलं नाव काय करतं हे सेटलमेंटच्या माणसांना सांगावं लागत नाही, आणि रे नगरात त्यांची नातवंडं राहायला आली असतील तर त्यांना तर नाहीच.

अशी सोय तिथे आधीच कुठे सुरू झाली असेल, तर या पत्रातला तेवढा भाग आपण आनंदानं बाद करावा आणि कळवावं. नसेल, तर खोली उघडायला पुढचा १० ऑक्टोबर बरा पडेल. दारावर फलक नको. आत दोन खुर्च्या आणि एक सतरंजी पुरेल. सतरंजी अशासाठी, की काही जणी सूप घेऊनच येतील, आणि हात चालू असले की त्यांना बोलायला सोपं जातं.



एक सोलापूरकर